बाहेर धडामधूम आणि भुभू कॉटखाली

उन्हाळा आला की समारंभ, पार्ट्या, फटाके, मोठमोठे स्पीकर सगळं एकदमच सुरू होतं आणि आमचा फोनही वाजायला लागतो, "दुपारपासून काही खाल्लं नाहीये", "दोन तास झाले बाथरूममधून बाहेरच येत नाहीये". आम्ही तुमच्या मुक्या लेकरांचं बोर्डिंग आणि ग्रूमिंग करतो, अशा कितीतरी रात्री त्यांच्याशेजारी बसून काढल्यात, त्यामुळे आवाजाला घाबरलेल्या प्राण्यासाठी जे आम्ही स्वतः करतो तेच इथे लिहितोय. आदल्या रात्री नको, आत्ताच वाचा.

पहिलं म्हणजे तुमचा भुभू नाटकं करत नाहीये. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत (आकडा जितका मोठा तितका आवाज बारीक, तीक्ष्ण) ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास आणि मांजराला ६०,००० च्याही वर, शिवाय आपल्याला माहीत असतं हा आवाज कसला आणि कधी थांबणार, त्यांना यातलं काहीच कळत नसतं.

थरथरणं, भुंकणं, कोपरा धरणं हे सगळ्यांच्या लक्षात येतं. पण सारखी जांभई देणं, ओठ चाटणं, कान मागे घेणं, आवडता खाऊ तोंडाशी धरला तरी न घेणं ही पण भीतीच असते. आमच्याकडे एक लॅब्राडॉर राहायला होती, आवाज सुरू झाले तरी एकदम गप्प बसलेली, सगळ्यांना वाटलं किती शहाणी आहे, आणि ती उठून गेली तेव्हा फरशीवर चारही पंजांचे ओले ठसे होते. एसी चालू असताना! कुत्र्यांना घाम मुख्यतः पंजांच्या गाद्यांनाच येतो आणि घाबरले की जास्तच येतो. तेव्हापासून आम्ही अशा वेळी आधी पंजे बघतो.

आता उन्हाळ्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आवाज नको म्हणून आपण खिडक्या-दारं लावून पडदे ओढतो, ते बरोबरच आहे, पण खोली तापते आणि घाबरलेला कुत्रा आधीच जोरजोरात धापा टाकत असतो, म्हणजे भीती आणि उकाडा दोन्ही एकदम. म्हणून खोली घरातली सगळ्यात गार निवडा, पंखा किंवा एसी लावा (त्याच्या घरघरीने बाहेरचा आवाजही थोडा दबतो), पाण्याची दोन भांडी ठेवा कारण धावपळीत एक सांडतंच. त्याला बाथरूमची गार फरशी आवडत असेल तर तिथेच राहू दे, ओढून बाहेर काढू नका. अंगाला घट्ट बसणारे जॅकेट काहींना बरं वाटतं पण उकाड्यात जपून, धाप वाढली की लगेच काढा. तोंड बांधणारा मझल तर अजिबात नको. धाप थांबतच नाहीये, हिरड्या लालभडक झाल्यात, उलटी होतेय किंवा चालताना झोकांड्या जातायत तर अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि तसंच डॉक्टरकडे न्या, सकाळची वाट बघू नका.

जवळ घेतलं तर भीती वाढते असं अजूनही लोक सांगतात, तसं काही नाही. तो अंगाला येऊन चिकटला तर बिनधास्त कुरवाळा. रागावलात तर मात्र नक्की बिघडतं.

औषधाचं डॉक्टरांशी आधीच बोला. भीती कमी करणारी औषधं वेगळी आणि नुसतं अंग सुस्त करणारी वेगळी, दुसऱ्या प्रकारात कुत्रा हलत नाही पण आतून तेवढाच घाबरलेला असतो, त्यामुळे हा प्रश्न स्पष्ट विचारा आणि एखाद्या शांत दिवशी एकदा ट्रायल घेऊन बघायची का तेही विचारा. आपल्या घरातली गोळी कधीच देऊ नका, मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जीवावर बेतू शकते. म्हातारा कुत्रा अचानक आवाजाला घाबरायला लागला असेल तर सांधे दुखतायत का हेही तपासून घ्या, दुखण्यामुळेही अशी भीती सुरू होऊ शकते.

हातात काही आठवडे असतील तर फटाक्यांचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात लावून सोबत खाऊ द्या, आवाज हळूहळूच वाढवा, तो कान टवकारून ताठ झाला की लगेच कमी करा. कार्यक्रम चालू असताना मात्र हा प्रयोग करू नका.

फिरवणं आवाज सुरू व्हायच्या आधी उरकून घ्या, पट्टा नीट बसलाय का बघा, कारण घाबरलेला कुत्रा गळ्यातून पट्टा काढून पळतो. मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) असेल तर तिच्या नोंदणीत तुमचा आत्ताचा फोन नंबर आहे का तेही तपासा, बऱ्याच जणांचा जुनाच राहिलेला असतो.

माऊला उंच कपाट किंवा खोका आणि जवळच लिटर ट्रे (शी-शूचा ट्रे) एवढं पुरतं, लपली तर लपू द्या. पक्ष्यांचा पिंजरा एका बाजूने झाका आणि मंद दिवा ठेवा, पूर्ण अंधारात दचकून फडफडतात आणि जखमी होतात. सशाने बारा तास काही खाल्लं नाही तर ती इमर्जन्सीच समजा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सोडण्याआधी अंगण, गच्ची झाडून घ्या, फटाक्यांच्या कागदात विषारी रसायनं असतात आणि त्याला ते चघळायचंच असतं. आणि आमच्याकडे ठेवणार असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा की तो आवाजाला घाबरतो, आम्ही त्याला रस्त्यापासून लांबची आतली खोली देतो, येताना त्याचं रोजचं अंथरूण न धुता आणा, घरचा वास असला की तो लवकर शांत होतो.