गाणं अडवायचं कुठे? नाशिकच्या मेळ्यांपासून आकाशवाणीपर्यंत

जुन्या नाशकात तिळभांडेश्वर गल्लीत अभिनव भारत मंदिर आहे. गल्ली इतकी अरुंद की समोरून दुचाकी आली तर भिंतीला टेकून उभं राहावं लागतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात याच भागात पायांनी अधू असलेले एक कवी पदं रचत, आणि आसपासची तरुण पोरं ती पाठ करून मेळ्यात म्हणत. पुढे त्या पदांपायी एका माणसाला जन्मठेप झाली, काळ्या पाण्याची. शिक्षा झाली ती पदं छापून प्रसिद्ध करणाऱ्याला. रचणाऱ्याला नव्हे.

गाण्यांवरच्या बंदीचा विषय निघाला की बोलणं बहुतेक वेळा आणीबाणीतल्या किशोर कुमारपासून सुरू होतं. नाशिककराने तिथून सुरुवात करू नये असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे ही गोष्ट रेडिओ येण्याच्या कितीतरी आधीची आहे. शिवाय पुढच्या सगळ्या बंद्यांमध्ये जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते इथे पहिल्यांदाच लख्ख दिसतं. तोंडातलं गाणं पोलिसांना पकडता येत नाही. म्हणून ते ज्या वाटेने लोकांपर्यंत जातं, ती वाट शोधून अडवायची.

तेव्हाची वाट म्हणजे मेळा. १८९० च्या दशकात गणपती सार्वजनिक झाला आणि त्याबरोबर मेळे आले. एकसारखा पोशाख केलेली मुलं, झांजा, लेझीम, आणि चौकाचौकातल्या गणपतीपुढे म्हटलेली पदं. १ जानेवारी १९०० ला सावरकर बंधू आणि त्यांच्या सोबत्यांनी नाशकात संघटना काढली, तिचं नाव ठेवलं ‘मित्रमेळा’. वरवर पाहता उत्सवात गाणारी मंडळी, असं हे नाव. १९०४ मध्ये तिचीच ‘अभिनव भारत’ झाली.

मेळ्याचे कवी गोविंद त्र्यंबक दरेकर, म्हणजे कवी गोविंद (१८७४–१९२६). आधी ते लावण्या रचायचे. हा तपशील बहुतेक लेखांत एका ओळीत उरकतात, पण मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. लावणी लिहिणाऱ्याला लोकांचा कान कळलेला असतो. कुठली चाल आधीच माणसांच्या ओठावर आहे, कुठल्या ठेक्यावर मान डोलते, धृपद किती आखूड असलं म्हणजे गर्दी ते उचलते, हे सगळं त्या हाताला ठाऊक होतं. तोच हात पुढे देशाच्या पदांकडे वळला. ‘रणाविण स्वातंत्र्य कोणा मिळाले’ ही त्यांची ओळ आजही शाळेतल्या पोरांच्या तोंडी सापडते. एकदा मोठ्याने म्हणून पाहा. अर्थ मनात उतरायच्या आधी पाय ताल धरतो.

१९०८ मध्ये ही पदं ‘लघु अभिनव भारत माला’ या नावाने छापून प्रसिद्ध झाली. प्रसिद्ध करणारे गणेश दामोदर, म्हणजे बाबाराव सावरकर. १९०९ च्या फेब्रुवारीत त्यांना अटक झाली आणि ८ जून १९०९ ला शिक्षा. कलमं दोन, राजद्रोहाचं १२४-अ आणि राजाविरुद्ध युद्ध पुकारण्याचं १२१. जन्मठेप दिली ती या दुसऱ्या कलमाने. छापलेल्या कवितांना युद्ध मानलं गेलं.

अपील मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्तींपैकी एक होते नारायण गणेश चंदावरकर, प्रार्थना समाजातलं मोठं नाव, १९०० च्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष, मराठी उत्तम जाणणारे. बचाव असा होता की ही देवादिकांची आणि शिवाजी महाराजांची स्तवनं आहेत, पुराण-इतिहासातल्या गोष्टी आहेत. न्यायालयाने ओळी एकेक करून वाचल्या आणि सांगितलं की देवांची आणि वीरांची नावं हे केवळ निमित्त आहे. खरा मजकूर आहे तो तलवार हाती घ्या आणि हे परकं सरकार उलथून टाका, हा. शिक्षा कायम झाली. मराठी कवितेतली सूचकता अशी न्यायालयात सोडवून दाखवली गेली. समीक्षकाने कौतुकाने जे सांगितलं असतं, तेच इथे गुन्ह्याचा पुरावा म्हणून नोंदलं गेलं.

त्या खटल्यामुळे नाशकावर काय ओढवलं, ते ठाऊकच आहे. बाबारावांना खटल्यासाठी पुढे पाठवणारा कलेक्टर जॅक्सन. संस्कृत जाणणारा म्हणून तो ‘पंडित जॅक्सन’ म्हणवला जाई. त्याची बदली झाली होती आणि निरोपानिमित्त २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. तिथे अनंत लक्ष्मण कान्हेरे या कोवळ्या तरुणाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पदांच्या पुस्तिकेवरून उभ्या राहिलेल्या खटल्याचा सूड संगीत नाटकाच्या प्रेक्षागृहात उगवला गेला. नाशिकच्या माणसाला या दोन जागा वेगळ्या करून पाहता येत नाहीत.

त्यानंतर सरकारने सगळ्याच वाटा आवळल्या. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा हाताशी होताच. त्याच्या आधारे १९१० मध्ये खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी आली. त्याच वर्षीच्या छापखाना कायद्याने छापखानेवाल्यांकडून जामिनाची रक्कम मागण्याची आणि पुस्तकं सरकारजमा करण्याची सोय झाली. विनायक सावरकरांचा सिंहगडाचा पोवाडाही जप्तीच्या यादीत गेला. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात इंग्रजांनी जप्त केलेल्या छापील साहित्याचा मोठा संग्रह आहे आणि त्यातला बराच भाग पद्य आहे. पोवाडे, गझला, प्रभातफेरीची गाणी, चार-आठ पानांची, स्वस्त कागदावरची. सरकारी कारकुनाने जपून ठेवली नसती तर यातली पुष्कळशी आज कुठेच मिळाली नसती.

पुस्तिका जप्त झाली की गाणं वहीत जायचं. हाताने उतरवलेली वही हा आपल्याकडचा जुना उपाय, कीर्तनकारांचा आणि तमासगिरांचाही. चाल माहीत असली की नुसते शब्द उतरवले तरी काम भागतं. वहीला छापखाना नाही, मालक नाही, जामीन नाही.

बोलपटांनी नवी वाट उघडली आणि तिच्यावर सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचं फाटक बसलं. १९४३ च्या ‘किस्मत’मध्ये कवी प्रदीप यांचं ‘दूर हटो ऐ दुनियावालो’ आलं. त्यात जर्मन आणि जपानी यांच्यापुढे झुकू नका अशी ओळ आहे. दुसरं महायुद्ध चालू होतं, जर्मन-जपानी हे इंग्रजांचे शत्रू, त्यामुळे गाणं फाटकातून सुटलं. थिएटरातल्या लोकांना कोणाला ‘हटो’ म्हटलंय ते नीट कळत होतं. सरकारला उशिरा कळलं, तेव्हा प्रदीप यांना अटक टाळण्यासाठी काही काळ भूमिगत व्हावं लागलं. गोविंदांनी देवांच्या नावाआड जे केलं, तेच इथे शत्रूच्या नावाआड. फरक एवढाच की या खेपेला तपासणाऱ्याच्या हाती आवरण लागलं आणि आतला मजकूर निसटला.

स्वातंत्र्यानंतर कात्री थांबली नाही, हे लिहिताना वाईट वाटतं. पहिल्या काही वर्षांतच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, अश्लीलतेचं कारण देऊन. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर या शाहिरांचं सगळं बळ त्याच रूपात होतं. तेव्हा तमाशाचं ‘लोकनाट्य’ झालं आणि बंदीच्या शब्दातून वाट निघाली. पुढे रंगभूमीसाठी परिनिरीक्षण मंडळ आलं. आजही राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या नाशिकच्या हौशी संस्थेला आधी संहिता मंजूर करून घ्यावी लागते. नाटकातलं पदही त्या संहितेचाच भाग असतं. १८७६ ची ती दोरी इथवर आलेली आहे.

आता रेडिओ. इथे बंदीची तऱ्हाच पालटते, कारण आधीच्या सगळ्या वाटा लोकांच्या होत्या आणि ही एकटी सरकारची. अडवण्यासाठी खटला भरायला नको, जप्ती नको. लावलं नाही की झालं.

या घरातली पहिली मोठी बंदी गाण्यावर नव्हती, पेटीवर होती. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियम वाजवायला मनाई झाली. कारण सांगितलं गेलं ते असं की पेटीचे सूर ठरलेले, तिच्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक फरक, येत नाहीत, म्हणून ती भारतीय संगीताला मारक. शास्त्र म्हणून यात तथ्य आहे, पण मराठी कानाला हे कसं पटावं? आपलं नाट्यसंगीत पायपेटीच्या अंगाखांद्यावर वाढलं. गोविंदराव टेंब्यांसारख्या माणसाने पेटीला गायला लावलं. भजनी मंडळापासून शाळेच्या प्रार्थनेपर्यंत सगळीकडे पेटी, आणि रेडिओवर मात्र ती परकी. ही मनाई तीस वर्षांहून जास्त टिकली. साथीपुरती सूट मिळायला १९७१ उजाडलं.

दुसरी बंदी एका मराठी मंत्र्याच्या नावावर आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले आणि दहा वर्षं राहिले. शास्त्रीय संगीतावर त्यांचं खरं प्रेम होतं. आकाशवाणीने गवयांना राजाश्रयासारखा आधार दिला, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. सिनेसंगीताचा मात्र त्यांना तिटकारा. चित्रपटगीतांचा वेळ छाटला गेला. शिवाय गाणं लावताना चित्रपटाचं नाव घ्यायचं नाही, ती जाहिरात होते, असं ठरलं. निर्माते चिडले आणि त्यांनी परवानगीच काढून घेतली. कागदावर ‘बंदी’ असा शब्द नसेल, पण देशाच्या रेडिओवरून देशाची गाणी गेली हे खरं.

ती गेली समुद्रापलीकडे. महायुद्धात माउंटबॅटनच्या फौजांसाठी कोलंबोत जबरदस्त ताकदीचं शॉर्टवेव्ह केंद्र उभारलं होतं, ते आता रेडिओ सिलोनकडे होतं. ३ डिसेंबर १९५२ च्या बुधवारी अमीन सयानींची बिनाका गीतमाला, म्हणजे हिंदी चित्रपटगीतांचा कार्यक्रम, तिथे सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, फिती विमानाने कोलंबोला जायच्या आणि तिथून आवाज परत आपल्या घरात यायचा. मुंबईचं गाणं मुंबईपासून पावणेदोनशे किलोमीटरवरच्या नाशकात लंकेवरून यायचं! अखेर ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली.

माझ्या वडिलांची त्या काळातली एक वही आमच्याकडे आहे. शाळेची दोनरेघी, पुठ्ठा गेलेला, पाठीला शिवण पुन्हा घातलेली. दर बुधवारी रात्री आठ ते नऊ. रेडिओ आमचा नव्हता, वाड्यात एकाकडेच होता, आणि लायसन्सचे पैसे पोस्टात भरणारे तेच म्हणून खुर्चीवर तेच. बाकी सगळे उंबऱ्यावर नाहीतर जिन्यात. वहीत गाण्याचे शब्द आहेत आणि मधे मधे मोकळ्या जागा. तिथे शॉर्टवेव्हचा आवाज ओसरला, शब्द कळले नाहीत. पुढच्या बुधवारी तेच गाणं पुन्हा लागलं की जागा वेगळ्या शाईने भरलेली. काही तशाच राहिल्या. जप्त पोवाड्यांच्या वह्या नि ही वही यांत मला एकच धागा दिसतो. गाणं हातचं जाईल या भीतीने माणूस लिहून ठेवतो.

सत्तरीनंतरच्या गोष्टी बऱ्याच जणांना आठवतात म्हणून थोडक्यात. १९७१ चं ‘दम मारो दम’ आकाशवाणीने नशेच्या उल्लेखामुळे बाजूला ठेवलं. १९९३ ला ‘चोली के पीछे’वरून गदारोळ झाला, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. त्यापाठोपाठ ‘खुद्दार’मधल्या गाण्यात ‘सेक्सी’च्या जागी ‘बेबी’ आलं. यांतल्या काही गाण्यांबद्दल मलाही फारसं प्रेम नाही. पण आवड-नावड आणि मनाई या दोन गोष्टी एकत्र करू नयेत. तसंच गणपतीत वाकडी बारवेपासून निघणाऱ्या मिरवणुकीत डीजेच्या आवाजावर मर्यादा आली की काहीजण तिलाही ‘गाण्यावर बंदी’ म्हणतात. ते चूक आहे. तिथे डेसिबल मोजतात, शब्द नाही.

राहिला किशोर कुमार. आणीबाणीत माहिती व नभोवाणी मंत्रालयाला इंदिरा गांधींच्या वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचारासाठी मुंबईच्या कलाकारांची साथ हवी होती. किशोर कुमारने नकार दिला. ४ मे १९७६ पासून त्याची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून काढली. पुढे हे प्रकरण आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगासमोर आलं. या बंदीत कुठल्याच गाण्याचा काही दोष नव्हता. प्रेमगीत असो की विनोदी गाणं, शब्द कोणी तपासलेच नाहीत. एका माणसाचा गळाच वर्ज्य केला. कवी गोविंदांच्या बाबतीत सरकारने निदान कविता वाचली होती.

मे महिना, म्हणजे ऐन लग्नसराई. वडील सांगतात, मेन रोडवरून रविवार कारंजाकडे वराती जायच्या आणि बँडवाल्यांकडे फर्माईश किशोरचीच. क्लॅरिनेटवर मुखडा, ट्रम्पेटवर अंतरा, शब्द नाहीत, गळा नाही. कडेला उभी असलेली माणसं ओठांतल्या ओठांत शब्द पुरवायची, आणि चौकातला हवालदार रस्ता मोकळा करून द्यायचा.