रस न उकळता टिकवायचा, तर...

रस तापवला की टिकतो, ही युक्ती लुई पाश्चरच्या १८६०च्या दशकातील वाइनवरच्या प्रयोगांतून आली. १८६९ मध्ये अमेरिकेतील दंतवैद्य थॉमस वेल्च यांनी तीच वापरून द्राक्षरस आंबू न देता बाटलीबंद केला. रस टिकला, पण त्याला शिजल्याचा वास लागला.

खरे तर जास्त आच लागते ती जंतूंपेक्षा एका विकरासाठी (एन्झाइमसाठी). संत्र्याच्या रसातले पेक्टिन मिथाइलएस्टरेज हे विकर सक्रिय राहिले की गाळ तळाशी बसतो आणि वर पाण्यासारखा द्रव उरतो. ते बऱ्याच जंतूंहून चिवट असते, म्हणून रस ९० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावा लागतो.

कमी आचेवर रस टिकवायचा तर जोडीला घेता येते अल्ट्रासाउंड, म्हणजे कानाला ऐकू न येणारा उच्च वारंवारतेचा ध्वनी. ते या गोष्टीत आले युद्धातून. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधताना फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ यांना ध्वनिझोतात सापडलेले मासे मरताना दिसले. १९२७ मध्ये वुड आणि लुमिस या अमेरिकी संशोधकांनी तीव्र ध्वनीचे सजीवांवरचे परिणाम पद्धतशीर नोंदवले. मारतो तो थेट ध्वनी नव्हे, तर त्याने द्रवात उठवलेले सूक्ष्म बुडबुडे. ते मिटताना क्षणभर प्रचंड उष्णता आणि दाब निर्माण होतो, पेशींची आवरणे फाटतात.

तरीही नुसत्या ध्वनीला जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची कणखर सुप्त रूपे, दाद देत नव्हते. १९७२ मध्ये स्पेनच्या संशोधकांनी बॅसिलसच्या बीजाणूंवर ध्वनीचा मारा केला, तेव्हा त्यांची उष्णता सोसण्याची ताकद कमी झालेली आढळली. दोन अर्धवट उपाय एकमेकांना पूरक ठरू शकतात, हे इथे दिसले. इथूनच थर्मोसॉनिकेशनची वाट निघते: साधारण २० किलोहर्ट्झचा ध्वनी आणि ५०-६० अंशांची कोमट आच.

आच वाढवत नेली तर फायदा वाढेल, असे मात्र नाही. गरम द्रवाची वाफ बुडबुड्यात शिरून गादीसारखी काम करते आणि बुडबुडा मिटतानाचा तडाखा मवाळ होतो. म्हणून १९९०च्या दशकात स्पेनमधील झारागोझा येथे ध्वनी आणि उष्णतेला दाबाचीही जोड देण्यात आली.

रसउद्योगाचे लक्ष वळायला निमित्त वेगळेच होते. १९९६ मध्ये अमेरिकेत न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय या जिवाणूची साथ पसरली. तिथल्या २००१ च्या नियमाने रसातले घातक जंतू एक लाखपट घटवणे बंधनकारक केले, पण ते उष्णतेनेच घटवा असे म्हटले नाही.

प्रयोगशाळेच्या चंचुपात्रात हे छान जमते. कारखान्याच्या रुंद नळीत ध्वनी प्रोबपासून (ध्वनी सोडणाऱ्या दांड्यापासून) थोड्याच अंतरावर क्षीण होतो, आणि जंतू फाडणारे तेच बुडबुडे प्रोबचे टायटॅनियमचे टोकही कुरतडत राहतात.