एका दोरीतले तिघे आणि तीन मिनिटांची शर्यत: स्की माउंटेनियरिंग स्पर्धांची पार्श्वभूमी

कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून रात्री सिंहगडाकडे निघालेल्या गटात एक जण ठरवून सगळ्यात मागे चालतो. आम्ही त्याला बॅक लीड म्हणतो. पुढचे कितीही झपाझप टेकड्या पार करोत, तो गडाशी पोचेपर्यंत ट्रेक संपत नाही. स्की माउंटेनियरिंगच्या स्पर्धांचा इतिहास चाळताना मला हा शेवटचा माणूस सारखा आठवत राहिला. या खेळाचे जुने नियम त्याच्याचसाठी केलेले आहेत.

पुण्यात अनेकांच्या कानावर हा खेळ पहिल्यांदा पडला तो 2026 च्या मिलान-कॉर्टिना ऑलिम्पिकमुळे. लिफ्ट न वापरता बर्फाचा डोंगर स्कीवरच चढायचा आणि स्कीवरच उतरायचा. चढताना स्की मागे घसरत कशी नाही, हा पहिला प्रश्न. गुलमर्गला स्कीचा कोर्स करून आलेल्या मित्राने मला एकदा ‘स्किन’ हातात दिली होती. स्कीच्या तळाला चिकटवायची ही लांब पट्टी. एका दिशेने हात फिरवला की मऊसूत, उलटा फिरवला की केस बोटांना अडतात, गाईच्या पाठीवरून उलटा हात फिरवावा तसे. पूर्वी यासाठी खरंच सील या सागरी प्राण्याचं कातडं वापरत, म्हणून नाव स्किन. आता मोहेर लोकर आणि नायलॉन वापरतात. माथ्यावर पोचल्यावर ही पट्टी टर्रकन ओढून काढायची आणि खाली सुटायचं.

स्पर्धांचं मूळ मात्र सैन्यात आहे. आल्प्समधल्या सीमा बर्फात, त्यामुळे स्कीवरून गस्त घालणं हे तिथल्या सैनिकांचं रोजचं काम. 1924 मध्ये शामोनीला पहिलं हिवाळी ऑलिम्पिक झालं, त्यात ‘मिलिटरी पॅट्रोल’ ही शर्यत होती: चौघांचं पथक, 30 किलोमीटर, मध्ये नेमबाजी. सहा देशांची पथकं निघाली, दोघांनी वाटेतच सोडून दिलं आणि स्वित्झर्लंड जिंकलं. याच शर्यतीतून पुढे बायथलॉन निघाला, पण त्यात सपाटीवरचं स्कीइंग आणि बंदूक उरली. डोंगर चढण्याचा भाग वेगळ्या वाटेने गेला.

ती वाट इटलीतून जाते. ओत्तोरिनो मेझ्झालामा हा इटलीतल्या स्की-गिर्यारोहणाचा अध्वर्यू. 1931 मध्ये हिमस्खलनात तो गेला आणि 1933 मध्ये त्याच्या स्मरणार्थ मेझ्झालामा करंडक सुरू झाला. मोंते रोझाच्या हिमनद्यांवरून, 4,000 मीटरच्या वरच्या शिखरांना स्पर्श करत जाणारी ही शर्यत तिघांची तुकडी धावते, एकाच दोरीला बांधून. हिमनदीवर ताज्या बर्फाखाली भेग दडलेली असते. एक जण आत गेला तर बाकी दोघांनी त्याला धरायचं, म्हणून ही दोरी.

स्वित्झर्लंडमधली पत्रुई दे ग्लासिए ही शर्यत तर युद्धातच जन्मली. 1943 मध्ये देश तटस्थ होता, पण चारी बाजूंनी युद्ध पेटलेलं. आपली डोंगरी पथकं किती तयार आहेत हे पाहायला रोदोल्फ तिसिएर आणि रोजे बोनव्हँ या दोन कॅप्टननी ही शर्यत आखली: त्सेरमाटहून आरोलामार्गे व्हेर्बिए, एरवी चार दिवसांची वाट एका दमात. (हेच बोनव्हँ पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले.) 1949 मध्ये एका पथकातले तिघेही मों मिने हिमनदीच्या भेगेत पडून दगावले. सरकारने शर्यत बंद केली आणि ती पस्तीस वर्षं बंदच राहिली. 1984 मध्ये पुन्हा सुरू झाली, आजही सैन्यच ती भरवतं, आता नागरिकांच्या पथकांनाही घेतात. सुमारे 57 किलोमीटर, 4,300 मीटरहून अधिक चढ. रात्री डोक्याला दिवे लावून पथकं निघतात. कात्रजहून रात्री मागे वळून दिव्यांची माळ पाहिलेल्या कुणालाही ते दृश्य परकं वाटणार नाही.

1986 मध्ये फ्रान्सच्या अरेश-बोफोरमध्ये पिएरा मेंता सुरू झाली. जोडीने धावायचं, चार दिवस, एकूण चढ सुमारे 10,000 मीटर. पायथ्यापासून सिंहगड साधारण 600 मीटर धरला, तर चार दिवसांत तो सोळा वेळा चढून उतरण्याइतका. याच काळात ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलने चवड्याशी दोन पिनांनी बूट पकडणारं हलकं बाइंडिंग (बूट स्कीला जोडणारा भाग) बनवलं. माझ्या मते खेळाचा चेहरा जितका या पिनांनी बदलला तितका कुठल्याच नियमाने नाही. साहित्य हलकं झालं तसा वेग वाढला आणि खेळ घड्याळाकडे झुकला.

पुढचा प्रवास संघटनांचा. गिर्यारोहणाच्या जागतिक संघटनेच्या छत्राखाली 2002 मध्ये फ्रान्सच्या सेर शव्हालिएला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, नंतर खेळाची स्वतंत्र संघटना झाली. 2020 मध्ये लोझानचं युवा ऑलिम्पिक आणि 2021 मध्ये मुख्य ऑलिम्पिकसाठी मंजुरी. 2025 च्या हार्बिन आशियाई हिवाळी स्पर्धांतही हा खेळ आला. आपल्याकडे गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत तो खेळला जातो.

ऑलिम्पिकमध्ये मात्र फक्त स्प्रिंट आणि मिश्र रिले. स्प्रिंट म्हणजे साधारण 70 मीटरचा चढ: थोडं स्किनवर, थोडं स्की पाठीला लावून पायऱ्यांवरून, मग उतार, सगळं तीनेक मिनिटांत. टीव्हीसाठी हे सोयीचं आहे, आणि त्या तीन मिनिटांत लागणारी ताकद अफाट आहे, हे मी मनापासून मानतो. तरी त्यात ना हिमनदी, ना दोरी, आणि मला त्याची हुरहूर वाटते. रिलेमध्ये एक स्त्री आणि एक पुरुष आळीपाळीने धावतात, म्हणजे जोडीदार निदान आहे. मेझ्झालामात अजूनही तिघे एकाच दोरीत धावतात, आणि तुकडीची वेळ तिसरा माणूस रेषा ओलांडल्यावरच लागते.