उपनगर म्हणजे केवळ रात्रीचा मुक्काम?
‘मोठ्या उपनगरातले लोक तिथे फक्त झोपायला येतात, रोजगार सगळा मुख्य शहरात असतो,’ असा समज वर्षानुवर्षे फिरत आहे. सकाळच्या भरगच्च गाड्या पाहून तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु उलट दिशेने येणारी परिचारिका, पायी शाळा गाठणारे शिक्षक, दुकानांतले, गोदामांतले आणि बांधकामांवरचे कामगार त्या गर्दीत दिसत नाहीत. पडताळणीसाठी तिथे राहणारे कामकरी (जनगणना) आणि तिथल्या आस्थापनांतील नोकऱ्या (आर्थिक गणना) हे आकडे शेजारी मांडावेत. समजा, १०० कामकऱ्यांमागे ७० नोकऱ्या निघाल्या, तर स्थानिक अर्थव्यवस्था नगण्य म्हणता येणार नाही. मात्र त्या ७० जागांवर बाहेरून येणारेही असतात, म्हणून राहण्याचे व कामाचे ठिकाण जोडून दाखवणारा प्रवासाचा तक्ता मला अधिक विश्वासार्ह वाटतो. त्यात घरून काम करणारे कुठे धरले आहेत, हेही पाहावे.