‘विरघळलेले’ जस्त म्हणजे नेमके काय?

मुंबईत रुळांलगत पिकणाऱ्या पालक-माठाला नाल्याचे पाणी घातले जाते, यावर दर काही वर्षांनी चर्चा होते आणि ती शिसे, कॅडमियम यांच्यापुढे जात नाही. घराघरांतल्या न्हाणीघरांतून त्याच सांडपाण्यात आणखी एक गोष्ट उतरते: सनस्क्रीन आणि सौंदर्यप्रसाधनांतले झिंक (म्हणजे जस्त) ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनो कण, साधारण १ ते १०० नॅनोमीटरचे (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). त्यांचे मातीत आणि झाडात काय होते, या प्रश्नामागची ही हकीकत.

धातूंचे ऑक्साइड मातीला परके नाहीत. कोकणातल्या जांभ्याचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचाच, आणि त्यातले पुष्कळ कण १०० नॅनोमीटरहून लहान असतात. नवे आहे ते असे कण कारखान्यात घडवून टनांनी वापरणे.

झाडांवरच्या अभ्यासाला वेग आला तो २००५ नंतर. त्या वर्षी मका, काकडी, सोयाबीन, कोबी आणि गाजर यांच्या मुळांची वाढ ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या) नॅनो कणांनी खुंटते, असे दिसले. २००७ मध्ये मुळा, मोहरीच्या जातीतले रेप, रायगवत वगैरे सहा पिकांचे बी नॅनो कणांच्या पाण्यात रुजवून पाहिले गेले. लिटरला २,००० मिलिग्रॅम झिंक ऑक्साइड असताना मुळे जवळपास वाढलीच नाहीत. मुळ्याची वाढ निम्म्यावर यायला सुमारे ५० मिलिग्रॅम पुरे झाले, रेप आणि रायगवताला सुमारे २०. पाण्यात विरघळलेल्या जस्ताने एवढा परिणाम होणार नाही, म्हणून दोष कणांचा, असा या अभ्यासाचा निष्कर्ष होता. गंमत नव्हे, पण त्याच वर्षी गोड्या पाण्यातल्या एका शेवाळावरच्या प्रयोगाने नेमके उलटे सांगितले: नॅनो झिंक ऑक्साइड, साधे झिंक ऑक्साइड आणि झिंक क्लोराइड तिन्ही सारखेच घातक, म्हणजे दोष विरघळलेल्या जस्ताचा.

पुढचा सगळा वाद या दोन वाक्यांत अडकला आहे, आणि माझ्या मते त्याचे मूळ एका गाळणीत आहे. पाण्याच्या तपासणीत फार पूर्वीपासून ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांच्या पडद्यातून जे गाळून खाली येते त्याला ‘विरघळलेले’ म्हणायची पद्धत आहे. ही गाळणी रूढ झाली तेव्हा जिवाणू अडले की भागत होते. पण ०.४५ मायक्रोमीटर म्हणजे ४५० नॅनोमीटर. ३० नॅनोमीटरचा कण तिच्यातून सहज निसटतो आणि अहवालात ‘विरघळलेले जस्त’ म्हणून नोंदला जातो. म्हणजे ज्या आकड्यावरून कण की आयन (पाण्यात खरोखर विरघळलेले, विद्युतभारित जस्ताचे अणू) हे ठरवायचे, त्याच आकड्यात दोघे मिसळलेले. शेवाळाच्या प्रयोगात फक्त आयन पार होतील असा डायलिसिसचा पडदा वापरला होता, म्हणून त्याचा शब्द मला जास्त वजनदार वाटतो. सांडपाण्याच्या अहवालात आजही ‘विरघळलेले’ हा शब्द दिसला की गाळणी कोणती होती, हे आधी विचारावे.

२०१० मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने सोयाबीनच्या मुळांत पाहिले तेव्हा चित्र बरेच स्पष्ट झाले. मुळांत जस्त होते, झिंक ऑक्साइड मात्र सापडले नाही. सेरियम या दुसऱ्या धातूच्या ऑक्साइडचे कण मात्र जसेच्या तसे आत होते. दोन्ही ‘धातूचे ऑक्साइड’, पण एक विरघळून जातो आणि दुसरा टिकतो. २०१२ मध्ये सोयाबीन मातीत शेंगा धरेपर्यंत वाढवले गेले. सेरियम ऑक्साइडची मात्रा जास्त असलेल्या कुंड्यांत मुळांवरच्या गाठींचे नत्र बांधण्याचे काम जवळपास थांबले. पाण्यातल्या पेट्री डिशमधून हे कधी कळले नसते.

मातीत कण मोकळा राहत नाही. कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणाऱ्या ह्युमिक आम्लांचा थर त्याच्यावर चढतो, चिकणमातीला तो चिकटतो, एकमेकांना चिकटून कणांचे गठ्ठे होतात. सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल) निर्णायक असतो. जांभ्याच्या आम्ल मातीत झिंक ऑक्साइड लवकर विरघळेल, तर देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत सावकाश. टायटॅनियम डायऑक्साइड दोन्हीकडे जवळपास न विरघळता साचत राहतो.

नियमांची गोष्ट थोडक्यात अशी. युरोपात २०११ मध्ये नॅनो पदार्थाची व्याख्या ठरली की पदार्थातले किमान निम्मे कण, संख्येने, १ ते १०० नॅनोमीटरचे असावेत. ती २०२२ मध्ये सुधारली, पण संख्येचा निकष राहिला. १,००० नॅनोमीटरचा एकच कण १० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका जड असतो, म्हणून संख्या की वजन हा भेद किरकोळ नाही. भारतात शेतीसाठीच्या नॅनो उत्पादनांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे २०२० मध्ये आली. ती विकत घेतलेल्या बाटलीसाठी. नाल्यातून आपोआप येणाऱ्या कणांना बाटलीही नसते आणि लेबलही.

मुंबईत वरळी, वांद्रे, धारावी, घाटकोपर, भांडुप, वर्सोवा आणि मालाड इथे मलजल प्रक्रियेची सात नवी केंद्रे उभी राहत आहेत, एकूण क्षमता दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर. पाणी स्वच्छ होईल तसे त्यातले जस्त गाळात उतरेल. प्राणवायू नसलेल्या टाकीत झिंक ऑक्साइडचे झिंक सल्फाइड होते, आणि तोच गाळ कुजवून खत केला की सल्फाइड मोडून जस्त लोहाच्या ऑक्साइडला चिकटते. शेतात पोचेपर्यंत ते नॅनो कण म्हणून आले होते की आयन म्हणून, याची खूण जवळपास पुसलेली असते. टायटॅनियमचे कण मात्र त्या गाळात तसेच असतात, आणि ते गाळून नव्हे, गाळ तपासूनच कळतील.