मेनफ्रेम संपला नाही, फक्त नाव बदलत गेलं

'आयबीएमचा मेनफ्रेम नव्वदच्या दशकातच संपला, आजचा झेड हा वेगळाच संगणक आहे,' हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. मेनफ्रेम म्हणजे बँकांसारख्या मोठ्या संस्थांची कामं सांभाळणारा मोठा संगणक, आणि झेड हे त्याचं आजचं नाव.

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमचा मेनफ्रेम सिस्टम/३६० जाहीर झाला. १९७० मध्ये सिस्टम/३७०, १९९० मध्ये सिस्टम/३९०, २००० मध्ये झेडसिरीज आणि पुढे झेड९ पासून २०२५ च्या झेड१७ पर्यंत पाट्या बदलल्या, घराणं तेच राहिलं.

खरा पुरावा आतल्या रचनेत आहे. ३६० मध्ये मेमरीतल्या जागेचा पत्ता २४ बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक), म्हणजे मेमरी जास्तीत जास्त १६ एमबी. ३२ बिटांच्या शब्दातले (संगणक एका वेळी हाताळतो त्या गटातले) उरलेले ८ बिट प्रोग्रामर स्वतःच्या खुणा ठेवायला वापरत. त्यामुळे १९८३ मध्ये पत्ता वाढवताना सरळ ३२ बिट घेतले नाहीत, ३१ च घेतले. उरलेला एक बिट पत्ता जुन्या पद्धतीचा की नव्या, हे सांगायला राखून ठेवला. २००० मध्ये ६४ बिट आले, तरी २४ आणि ३१ बिटांचे प्रोग्राम चालतच राहिले. ग्राहकाच्या जुन्या कोडची इतकी कदर या क्षेत्रात फार कमी दिसते.

मग अफवा आली कुठून? एका अमेरिकन स्तंभलेखकाने १९९१ मध्ये लिहिलं होतं की, शेवटचा मेनफ्रेम १५ मार्च १९९६ ला बंद होईल. प्रत्यक्षात संपली ती मशीनमधली महागडी, बायपोलर प्रकारची चिप. १९९४ पासून तिच्या जागी स्वस्त, सीमॉस प्रकारची चिप येऊ लागली आणि मशीन टिकलं.