मूलद्रव्यांतरण आणि कृत्रिम किरणोत्सर्गी स्रोत

अणुकेंद्रीय विक्रियेमुळे एका मूलद्रव्याचा अणू दुसऱ्या मूलद्रव्याचा होणे याला मूलद्रव्यांतरण म्हणतात. मूलद्रव्य कोणते हे अणुकेंद्रातील प्रोटॉनांच्या संख्येवरून ठरते. रासायनिक विक्रियेत फक्त बाहेरचे इलेक्ट्रॉन हलतात, केंद्र जसेच्या तसे राहते. किमयागारांनी कितीही भट्ट्या पेटवल्या तरी शिशाचे सोने झाले नाही, ते यामुळेच.

अर्नेस्ट रदरफर्ड यांनी नायट्रोजनवर आल्फा कणांचा (हेलियमच्या अणुकेंद्रांचा) मारा करून त्यातून प्रोटॉन निघतात हे १९१९ मध्ये जाहीर केले. पॅट्रिक ब्लॅकेट यांनी क्लाउड चेंबर या कणांचे मार्ग धुक्याच्या रेषांनी दाखवणाऱ्या उपकरणातील हजारो छायाचित्रे तपासली, तेव्हा नायट्रोजनचा ऑक्सिजन-१७ (१७ म्हणजे केंद्रातील प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची एकूण संख्या) होतो हे १९२५ मध्ये स्पष्ट झाले. हा ऑक्सिजन मात्र स्थिर असतो, म्हणजे तो किरणोत्सर्गी नसतो, त्याच्या केंद्रातून आपोआप कण किंवा किरण बाहेर पडत नाहीत.

खरी कलाटणी मिळाली ती जानेवारी १९३४ मध्ये, पॅरिसला. इरेन क्यूरी आणि फ्रेडरिक जोलिओ या दांपत्याने पोलोनियममधून निघणारे आल्फा कण ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर सोडले. पोलोनियम दूर केल्यावरही पत्रा किरणोत्सर्ग करतच राहिला. ॲल्युमिनियमचे काही अणू फॉस्फरस-३० झाले होते. पण सिद्ध कसे करायचे? या फॉस्फरसचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू बदलून जायला लागणारा वेळ, जेमतेम अडीच मिनिटांचे. त्यांनी पत्रा हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवला. फॉस्फरस वायुरूपात बाहेर पडला आणि किरणोत्सर्गही त्याच्याबरोबर गेला, मागे उरलेल्या ॲल्युमिनियममध्ये तो राहिला नाही. घड्याळाशी स्पर्धा करत केलेले हे पृथक्करण रसायनशास्त्रातील अत्यंत देखण्या प्रयोगांपैकी एक मानावे लागेल. १९३५ चे नोबेल पारितोषिक त्यासाठीच मिळाले.

केंद्रातील न्यूट्रॉन या कणावर विद्युत्‌भार नसल्याने तो जड केंद्रातही सहज शिरतो. म्हणून आज बरेचसे स्रोत अणुभट्टीत तयार होतात. टेल्युरियमने न्यूट्रॉन शोषला की पुढे त्यातून आयोडीन-१३१ मिळते. अर्धायुष्य आठ दिवसांचे, त्यामुळे थायरॉइडच्या रुग्णांसाठी ते साठवून ठेवता येत नाही, पुन्हा पुन्हा बनवावे लागते.

कोबाल्ट-६० ची गोष्ट जरा वेगळी. साध्या कोबाल्ट-५९ ने न्यूट्रॉन घेतला तरी तो कोबाल्टच राहतो, फक्त अस्थिर होतो. मूलद्रव्य बदलते ते नंतर, केंद्रातून बीटा कण (इलेक्ट्रॉन) बाहेर पडून निकेल-६० तयार होताना. आणि उपयोगी पडणारे भेदक गॅमा किरण नेमके याच टप्प्यावर निघतात. भारतात हा कोबाल्ट राजस्थानातील रावतभाट्याच्या वीजनिर्मितीच्या अणुभट्ट्यांतूनही मिळवला जातो. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या केंद्रात असे गॅमा किरण देऊन कांद्याला कोंब येणे रोखतात. २००७ मध्ये अमेरिकेला गेलेल्या हापूसवरही तिथेच प्रक्रिया झाली होती. या किरणांनी फळ किंवा कांदा स्वतः किरणोत्सर्गी होत नाही, कारण त्यांची ऊर्जा अणुकेंद्र बदलण्याइतकी नसते. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे. म्हणजे स्रोत दरवर्षी सुमारे १२ टक्क्यांनी क्षीण होतो, आणि केंद्राचे काम पूर्वीच्याच वेगाने चालवायचे तर त्यात अधूनमधून नव्या कोबाल्टची भर घालावी लागते.